अप्पांचा टाका

हसू नका, पण मला क्रोशाची सुई अजून धड धरता येत नाही. आमच्या जयगडच्या घरात विणायचे ते अप्पा, माझे वडील. आगबोटीवर खलाशी असताना शिकले. एवढ्या मोठ्या मिशा आणि मांडीवर दोऱ्याचं रीळ!

आता मुलगी दाखवायची म्हणजे तिचं विणकाम मांडायलाच हवं. रत्नागिरीहून मंडळी आली तेव्हा आईने पोह्यांच्या ताटावर अप्पांचाच जाळीचा रुमाल घातला. मला म्हणाली, "विचारलं तर मीच विणला म्हण." आणि अप्पांना म्हणाली, "तुम्ही तोंड उघडू नका."

मुलाच्या आईने रुमाल उलटसुलट करून पाहिला. "छान आहे गो. पण इथे एक टाका चुकलाय."

मी मान खाली घातली. अप्पा मात्र ताडकन उठले. "कुठे चुकलाय? पाच साखळ्या, सात खांब! मोजून घ्या!"

आईने कपाळाला हात लावला.

"चुकला नाहीच," त्या शांतपणे म्हणाल्या. "विणणारा कोण, ते बघत होते."

लग्न झालं. पण सासूबाई मला सुईला हात लावू देत नाहीत. रिळं थेट जयगडला जातात, अप्पांच्या नावाने. सोबत चिठ्ठी असते, "या खेपेला टाका चुकू देऊ नका."