बैलाचे खांदे, सरजाचा गळा

माहं गाव चांदूर बाजाराकडचं, बाप सालदार, आन मी, काय सांगू तुमाले, पाद्रीसाहेबाच्या देवळातला घंटी वाजवणारा. हातात घंटी आली तं मले वाटलं मीच साहेब झालो.

तवा लांब कुठं तरी लढाई पेटली न आमच्या कापसाले असा भाव आला का म्हातारे-कोतारेबी वेचायले निंगाले. रविवारी देवळात मी, साहेब न चिमण्या. साहेब म्हणाले, माणसं येत नाहीत, आता काय करावे? कोनी मले इचारलं नोतं, तरी मी बोललो, देऊळच वावरात नेऊ ना, रोज सांजी एका गावाले प्रार्थना, ऐन वेचणीत एक गाव सोडाचं नाई. आन गाणं कोन म्हणन? माही बायको, सरजा! तिचा गळा असा, का धुऱ्यापलीकडची, दुसऱ्या वावरातली बाई वेचाचं सोडून वळून पाहे.

दिवसभर कापूस वेचे, सांजी गाये, घरी येऊन भाकरी थापे. एकदा म्हणाली, अजी, बैलाले पोळा हाय, आदल्या दिवशी लोण्या-हळदीनं त्याचे खांदे शेकतात, माह्या गळ्याले काय हाय? मी हासलो. म्हटलं, तुले सरगात इसावा. लय शहाणा ना मी!

माघात गाता गाता तिचा आवाज तुटला. बाया तिच्याकडं धावल्या, मी मात्र घंटी हालवून राहिलो, म्हण, सरजे, म्हण! तोंडातून निसती हवा.

मंग घरी लोणी-हळद घेऊन तिचा गळा शेकत बसलो. साहेब आले, म्हणाले, हे काय, पोळा? म्हटलं, हो साहेब, उशिराचा. साहेब खाली बसले, लोण्याची वाटी हाती धरली. पुढल्या सालापासून साहेबानं वेचणीत निसती रविवारची प्रार्थना ठेवली, बाकी सारं वावर रिकामं झाल्यावर.

आता लढाई सरली, भाव पडला, माणसं देवळात आली. सरजा कुजबुजते, तेवढंच. पण बोंडं फुटली का सांजी वावरातून तिचा तोच जुना आवाज येते. जाऊन पायतो तं कोनी नाई.

परवा राहवलं नाई. इचारलं, सरजे, तुले आयकू येते का? ती सरकी काढत होती. कुजबुजली, मले रोजच येते. तुमची घंटी आयकली का त्या आवाजाले वाटते, बलावलं. थांबतच नाई मंग.

मी घंटीच्या लोलकाले कापूस गुंडाळला. देव त्या आवाजाले तरी इसावा देवो.