उत्तर परवा येतं

स्पीच थेरपीच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. मधे वडील, झटका आल्यापासून त्यांचं बोलणं हरवलेलं.

“अहो, पाणी हवंय का? नकोय त्यांना.”

“आई, बाबांना बोलू तरी दे!”

“किती वाट बघायची गं?”

“आमच्या अंतराळ केंद्रातून त्या लांबच्या यानाला आज काही विचारलं, की उत्तर परवा येतं. तोवर आम्ही पुन्हा विचारत नाही. गप्प बसतो.”

“परवा? इतकं लांब गेलंय?”

“तिथून आपला सूर्यसुद्धा नुसता एक ठळक तारा दिसतो. माझ्या जन्माआधी निघालंय ते. फ्रिजमधल्या दिव्याएवढ्या विजेवर बोलतं, तरी इथे ऐकू येतं.”

“अगं बाई! एवढ्या काळोखातनं?”

“दर वेळी अंगावर काटा येतो माझ्या.”

“आणि एखाद्या दिवशी नाहीच आलं उत्तर, तर?”

“तरी कान तिकडेच लावून बसायचं.”

“बरं, चला हो, आपला नंबर आला.”

“आई, थांब. बाबांचे ओठ हलताहेत.”

“थं... थंडी वाजत असेल गं... त्याला.”