विहिरीत उभी सून

पिंपरीच्या कारखान्यात होतो ना राव, तेव्हा मला फोटोंचा भारी नाद. एकदा पुनावळ्यात तात्या म्हणून ओळखीचे शेतकरी होते, त्यांच्या विहिरीचा फोटो काढला आणि रीळ पुढं सरकवायला विसरलो. त्यामुळं विहिरीच्या फोटोवरच त्यांच्या धाकट्या सुनेचाही फोटो घेतला गेला.

घरी खिडकीला घोंगडी लावून अंधार केला आणि फोटोचा कागद औषधात बुडवला. आधी विहीर उमटली, मग हळूहळू पाण्यात उभी असलेली बाई. चेहरा पार पुसट.

मला गंमत वाटली. हौसेनं तात्यांना नेऊन दाखवला.

तात्या पांढरेफटक पडले. हळूच म्हणाले, "आमची थोरली सून हितं बुडाली, ह्ये तुला कुनी सांगितलं?"

अरे, थोरली माहेरी निघून गेली, असं त्यांनी सगळ्या गावाला सांगितलं होतं!