राखायचं झाड

— छे रे गेथिन, मी कशाला ठिपके मारत बसू? रान माझं, ठिपके तुझे. महिन्यापूर्वी तूच ना रंगाचा डबा घेऊन हिंडलास, तोडायच्या झाडांवर केशरी ठिपके मारलेस — मग आता ते वाढले तर मी काय करू? गोवरासारखे आपोआप वाढत असतील. बस आधी. बूट राहू देत. हा बारा ब्रिथ घे, मनुकांचा पाव आपला, लोणी जरा जास्तच लाव, कोरडा झालाय. फिरायला येतात ना शहरातले, त्यांचंच काम. वेल्समध्ये पाऊल टाकलं की यांचे हात शिवशिवतात. नाहीतर तो डबा खाली येईलच कसा — मी तर शेडमध्ये पार वरच्या फळीवर...

काय? कुठला डबा? — बरं, ऐक. पण वृद्धाश्रमातल्या बाईंच्या कानावर गेलं तर माझ्याशी गाठ आहे, मेरिगचं घरी येणंच बंद करतील. रविवारी मेरिगला जेवायला आणते ना मी — मी कोण ते त्याला कळत नाही, ‘बाईसाहेब, मटण छान झालंय हो’ म्हणतो, जन्मभराचा नवरा, आणि मी बाईसाहेब! — पण रानात नेलं की गडी ताठ होतो. जन्मभर हेच केलं ना त्याने, झाडं निवडायची. तू कुंपणापाशी डबा विसरलास, त्याने उचलला. काढून घेतला असतास तू त्याच्या हातातून? मी घेतला. वर ठेवला. आणि पुढच्या रविवारी शिडी लावून खाली कोणी काढला? मीच.

हसू नकोस. मलाही गंमतच वाटली होती, सोमवारी करवतवाले येणार हे ऐकेपर्यंत. तुम्ही ठिपका मारता तोडायच्या झाडाला. मेरिगच्या वेळी उलटं होतं — ठिपका राखायच्या झाडाला, बाकीचं तोडा. म्हणजे आता या रानातले सगळ्यात देखणे ओक सोमवारी आडवे होणार! हे बघ, विरळणीला माझी ना नाही. रान गुदमरलंय, खाली उजेड पोचत नाही, दिसतं मला. आणि खोऱ्यात एवढं लाकूड पडलेलं असताना जळण परमुलखातून ट्रकने यायचं, हा शहाणपणा आपलाच. आता आपलंच तोडतो, वर्षभर रचून वाळवतो, तुकडे करून शाळेच्या आणि वृद्धाश्रमाच्या बॉयलरला घालतो — चांगलं आहे. मेरिगची खोली त्यावरच उबदार राहते. पण त्याने राखलेले ओक जाळून त्यालाच शेकायचं? नाही सोसायचं मला ते. त्याचे ठिपके ओळखू येतात, हात वर जात नाही आता, कमरेएवढ्या उंचीवर आहेत. तेवढे पुसून टाक. फाटकाच्या खांबावरचा राहू दे, खांब कोण तोडतंय!

चल, कोट घालते, दाखवते एकेक — काय झालं? पाठीकडे काय बघतोस?

— तो ठिपका होय. गेल्या रविवारचा. मी पुढे चालत होते, ‘थांबा’ म्हणाला. थांबले. मागून आला, खांद्यावर हात टेकवला, आणि मारला. मग दोन पावलं मागे सरून बघत राहिला, झाडाकडे बघतो तसा.

नको, टर्पेंटाइन ठेव खिशात. झाडांचे पूस म्हटलं मी. — ऊठ आता, उजेड आहे तोवर जा. मी नाही येत. दार ओढून घे.