ऑर्गनवाल्याचा मफलर

दर मंडईच्या जत्रेत नाटकाला जाताना टेकचंद मफलर घरीच विसरायचा आणि बेबीबाई शहापूरच्या थांब्यावर येऊन तो साकोलीच्या गाडीत कंडक्टरच्या हाती द्यायची. आज तिच्या मागं दोघे जण नाटकालाच निघाले होते.

“भैय्याजी, ऑर्गनवर कोन आहे आज?”

“टेकचंद. म्हनून तं जाऊन राहिलो.”

“त्या करडी गावच्या ऑर्गनवाल्याची बोटं पाहा, कशी पळतेत.”

“पळतेत ना. पन मागच्या साली हिरोईन रडता रडता गानंच विसरली. टेकचंदनं तिच्या तोंडाकडं पाहत एकच सूर असा घोळवला, का लोकायले वाटलं, बाई हुंदके देऊन राहिली. तिले ओळ आठवली, तवाच सोडला. वन्समोर भेटला तिले.”

“अन् याले?”

“याले कोन पायते? तो स्टेजखाली खड्ड्यात बसते.”

“बायको नशीबवान आहे त्याची. घरी रोज आयकत असंल.”

घरी ऑर्गन कुठला? तो नाटक कंपनीचा. बेबीबाईनं मफलरची घडी मोडली, पुन्हा घातली.

गाडी आली. कंडक्टरनं सवयीनं हात पुढं केला.

“द्या, वहिनी.”

“राहू दे,” पायरीवर पाय ठेवत ती म्हणाली. “एक साकोली फाड.”