बिनदर्याचं गोलफ

हसताय कशाला? बसू द्या जरा. टेकडीला वळसा घालून आलोय, दातात माती, कानात माती, टोपी अशी मुठीत आवळून... आता तुमीच सांगा, आमच्या वाडीतनं हमरस्त्याला यायला सरळ वाट हाय, वाटेला गेट हाय, गेट सताड उघडं हाय, आन् तरी हा भिवाजी म्हातारा लांबनं का आला? सांगा बघू. लावा पैज. नाय जमायचं तुमाला. ज्याच्यावर बेतलं त्याला, म्हंजे मला, अजून नीट कळलेलं नाय.

तर त्या टेकडीच्या अल्याड, आमी गुरं चारायचो त्या माळावर, गोलफचं मैदान झालंय. साधं नाय, दर्याकाठचं! मी म्हनलं दर्या कुठाय? इथनं दर्या बघायचा तर अलिबागला जायला लागतं. तर तिथला वाचमन, गजा, आमच्याच वाडीचा, पन टोपी घातल्यापास्नं मला वळखत नाय, तो म्हनतो, "आजा, मालकानं परदेशात दर्याकाठी असं मैदान बघितलं, त्याला ते आवडलं." आवडलं तर आवडलं! डंपरनं वाळू आनली, वाळूचे डोंगर केले, त्याच्यावर कमरेएवढं गवत लावलं, मधी एक खरीखुरी होडी आनून उलथी टाकली. म्हैस त्या होडीला अंग घासते. मी आमच्या दोस्ताला, सोमाला म्हनलं, सोम्या, सगळं केलं यांनी, आता मासं तेवढं टेंपोनं आनायचं राहिलं.

आन् एक गोष्ट मात्र त्यांना आनायला लागली नाय. वारा. वैशाखात दुपार कलली की घाटातनं जो सुटतो... घो घो घो... कवलं उचलतो, कोंबडी उलटी चालायला लागते. मालक म्हने लई खूश झाला, अगदी परदेशासारखाच वारा हाय म्हने. त्याची टोपी उडते तर दुसरी घेतो. वाऱ्याचं काय जातंय!

आता माझं कसं हाय, तुमाला सांगतो, मला गप बसवत नाय. शाळेत बसलो असतो तर बसायचं शिकलो असतो, पन तिथंपन मास्तरनं चौथ्या दिवशी हाकललं. ते मुंबईवाले मेंबर भर दुपारी मोठाली काठी घेऊन यायचे, लांबच्या झेंड्याकडं बघायचे, झेंड्याखाली भोक, त्यात बॉल घालायचा, एवढाच खेळ. मी काय केलं? काय नाय हो, झेंडा उपटला आन् म्हशी लोळतात त्या डबक्यात नेऊन रवला. बस्स! अख्खी दुपार ते मेंबर एकामागनं एक डबक्यात बॉल हानतायत, "नाइस शॉट, नाइस शॉट," आन् म्हैस मान वळवून बघतेय, की बाबांनो, माझ्याच अंगावर का?

मी होडीमागं हसून हसून आडवा. तिथंच धरला.

मैदानाची मॅनेजर हाय सुरभी मॅडम. आमच्या नातीच्या वयाची, पन अशी बघते की पोटातलं जेवन सरळ उभं राहतं. ती वरडली नाय. वरडली असती तर बरं झालं असतं. शांतपने म्हनली, "ठीक आहे आजोबा," आन् दुसऱ्या दिवशी वाडीच्या वाटेचं गेट बंद. ती पायवाट मैदानातनंच जायची ना, आजवर जाऊ देत होते.

झालं. सगळ्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन टेकडीला वळसा घालायला लागल्या. माझी बायको चंद्राबाई शिळफाट्याला काकड्या इकायला जाते. चौक गावाकडनं टेंपो येतो तो काय हिच्यासाठी थांबतोय? रोज चुकायला लागला. काकड्या सुकून दोरीवानी. येताना वारा समोरनं, टोपली उडते, हिचा पदर उडतो, आन् तोंडातनं माझं नाव उडतं. वाऱ्याचं काय जातंय! चा मिळायचा मला, नाय म्हनत नाय, पन कपबशी अशी आदळायची की अर्धा चा बशीत नि अर्धा माझ्या मांडीवर. एक दिवस म्हनली, "तुमच्या मस्करीचं वझं माझ्या डोक्यावर कशाला वो?" मी म्हनलं, गेट उघडल्याबिगर तुझ्या हातचं जेवनार नाय. ती म्हनली, "बरं." उपाशी निजलो.

म्हनून सकाळीच मॅडमकडं गेलो, हात जोडायला. जोडलेपन. पन हे तोंड... मॅडमनं इचारलं, तुम्हाला या खेळाची एवढी चेष्टा का वाटते, तर मी म्हनलं, मॅडम, याच्यात हाय काय? विटीदांडूच हाय हा, विटी तेवढी गोल केलीय, आन् गल, म्हंजे विटीचा खड्डा, लांब नेऊन ठेवलीय. वर आनि वाऱ्याचं म्हनाल तर आयुष्य गेलं भात वारवन्यात, वाऱ्याला मी नावानं हाक मारतो!

मॅडम हसली. बाई हसली ना, की तिथनं उठायचं असतं. मी बसून राहिलो.

म्हनली, "मग दाखवा खेळून. तीन टोल्यांत तुमच्या वाडीचा बॉल त्या भोकात. गेला, तर गेट वाडीसाठी कायमचं उघडं. आणि तुमचे तीन टोले फुकट गेले, तर तुम्ही परत या मैदानात पाय ठेवायचा नाही."

तीन वाजता अख्खी वाडी कुंपनाला. मेंबर खुर्च्या टाकून. आन् वारा... घो घो घो. सोमा माझ्या संगं. सोमा म्हंजे ल्हानपनापास्नंचा दोस्त, एकत्र आंबे चोरले, पन एक हाय, विटीदांडूत मी त्याला आयुष्यभर राबवलाय. दिवसभर मी टोले हानायचो, हा धावायचा. माझा झेल त्याला कधी म्हंजे कधी घावला नाय. त्याला म्हनलं, सोम्या, तू झेंड्याजवळ जा, बॉल आला की झेंडा उचल, एवढंच काम, दुसरं काय करू नको.

पयला टोला. दांडू धरला, गुडघा वाकवला, वाऱ्याला मनात हाक मारली, आन् हानला... बॉल जागच्या जागी. जमिनीचा एक पोळीएवढा तुकडा उडाला, तो वाऱ्यानं उचलला, तो गजाच्या तोंडावर. मी म्हनलं हा वारा बघायला मारला. मॅडम म्हनली, "एक."

दुसरा. बॉल लागला! असा सरळ वर गेला, वर गेला, आन् वारा बोलला, ये बाबा घरी. माझ्या डोक्यावरनं मागं, पार होडीपाशी. कुंपनावरनं चंद्राबाईचा आवाज आला, "अवो, झेंडा पुढं हाय!" मेंबर हसले, वाडी हसली, म्हैस हसली असंल. मला घाम. कारन चंद्राबाई हसली नव्हती, टोपली घट्ट धरून उभी होती.

तिसरा. होडीजवळनं. आता मस्करी संपली माझी, खरं सांगतो. मूठभर माती उचलली, वर सोडली, कशी जाते बघितलं. वारवताना भात सुपातनं समोर सोडत नाय, बाजूला सोडतात, वारा त्याला जागेवर नेतो. झेंडा एका बाजूला सोडला, पार पल्याड घाटाकडं तोंड केलं आन् हानला. मेंबर म्हनतायत, म्हातारा गेला कामातनं. बॉल गेला घाटाकडं... गेला... थांबला हवेत... आन् वळला! असा वळला, असा हळूहळू, घारीवानी गिरकी घेत, झेंड्यावरच. खुर्च्यांवरनं मेंबर उठले. मॅडमनं तोंडावर हात ठेवला. बॉल खाली येतोय, भोकावर येतोय, वाडी श्वास धरून...

आन् सोम्यानं उडी मारली.

दोन्ही हातांनी छातीशी धरला बॉल! "झेल! भिव्या, गेलास! मेलास रं भिव्या, आऊट!" नाचतोय, झेंडा खांद्यावर घेऊन नाचतोय! आयुष्यभराचा राबलेला गडी हो, वर बघितलं, माझा टोला येताना दिसला, संपलं, हात गेलेच. नाचून झाल्यावर त्यानं भोकाकडं बघितलं. मंग माझ्याकडं. मंग बॉलकडं. मंग गप खाली बसला.

मॅडमच्या डोळ्यांत हसून पानी. म्हनली, "सॉरी आजोबा. तीन."

मी टोपी काढली. तर कुंपनाच्या तारेखालनं टोपली सरकली, टोपलीमागनं चंद्राबाई. सरळ मॅडमसमोर. "बाय, तुमी बोललात ना, वाडीचा बॉल तीन टोल्यांत जाया पायजेल?"

"हो, मावशी."

"मंग तिसरा टोला अजून संपलाय कुठं? आमच्यात विटी झेलली की मारनारा बाद, आन् डाव झेलनाऱ्याचा. ह्यो बाद. एकदम बाद. आता डाव सोमाभावजींचा."

मॅडम म्हनली, गोल्फमध्ये असा नियम नाही. तर ही म्हनते, "गोलफमंदी दर्या लागतो म्हने. तो तरी कुठं हाय?"

मेंबरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनं माझ्या हातनं काठी घेतली. मंग म्हनली, "सोमाकाका, एकच टोला."

सोम्यानं बॉल भोकाजवळ ठेवला, वारा घो घो... आन् हा काठीच्या टोकानं कोलतोय, विटी कोलतात तसा! बॉल गडगडला, काठावर थांबला. मागनं वाऱ्याची एक झुळूक आली. पडला आत.

मी कधी हाक मारली तर आला नाय हो तो वारा. सोम्याला न बोलावता आला.

गेट उघडलं. बाया येतात, जातात, टेंपो घावतो, काकड्या ताज्या. सोमा निघाला की गजा टोपीला हात लावतो, "या, सोमाशेठ!" म्हैस जाते गेटातनं, म्हैस! मी नाय. माझे तीन टोले फुकट गेले ना, मॅडम शब्दाची पक्की. सकाळी चंद्राबाई न् मी संगंच निघतो, गेटापर्यंत संगं, मंग ती म्हनते, "या सावकाश," आन् सरळ जाते. मी टेकडीकडं वळतो. इथं पोचतो तवा ती काकड्या इकून परतीच्या टेंपोत बसलेली असते, खिडकीतनं हात करते.

आन् समोरनं हा, घो घो... वाऱ्याचं काय जातंय! चालायचं मला लागतंय.