भोंग्यानंतरची सोळा मिनिटं

हॅलो? …व्हय, मीच हिंदुराव, बँडमास्तर. …सोलापूरचाच की, सोलापूरलाच फोन लावलाय तुमी.

रेकॉर्ड कंपनीनं आमची टेप ऐकली? मग, कशी वाटली?

…गाणं? साहेब, गाणं न्हाय त्यात. …न्हाय, गाणारी बाई बी न्हाय. सांगितलं हुतं की. नुसती वाद्यं. रॉक आन् जाझ. …व्हय, वरातीतलाच बँड. पन दोन वर्सं घासलंय आमी ह्ये.

खराबी? कुटं? …सोळा मिनिटांनी? …हां हां. खराबी न्हवं ती, भोंगा हाय. गिरणीचा. …अहो, वाद्य न्हवं. साडेतीनचा भोंगा, दुपारपाळीचा.

वाद्यं बंद न्हाय पडली, वाजवणारे उठून गेले. …कामाला. बँड लग्नसराईपुरता, एरवी समदे गिरणीत. एकवीसातले अकरा गेले. …मी कसा अडवू? त्यांची हजेरी तुमी लावणार हाय का?

…आमी बाराचंच ठरवलं हुतं. तुमचं रेकॉर्डिंगचं यंत्र स्टेशनात उतरलं दोनला. …ऱ्हाऊ द्या त्ये. …ऑपरेटरताई, ट्रंक कॉल वाढवा की तीन मिनिटं.

काय कापता? …भोंग्यापासनं पुढचं समदं?

साहेब, ऐका की… न्हाय, आदी माझं ऐका. त्यात एकटा सॅक्सोफोन हाय. मागं ड्रम आन् गिटार. त्यो आमचा चन्नवीर. त्यो बी त्याच पाळीचा, बदली कामगार, कायम न्हवं. भोंगा झाला तसा उठला. सॅक्सोफोन खाली ठिवला. मग मोकळ्या खुर्च्या बघितल्या आन् परत उचलला. भोंग्याचाच सूर धरला त्येनं.

दुसऱ्या दिवशी गिरणीनं हजेरीतनं नाव काढून टाकलं त्येचं. …तेवढ्यासाठीच. आदीचे खाडे हुते, ह्यो शेवटचा ठरला. …रोज येतोय हितं, रेकॉर्ड कवा निघणार म्हणून. त्येला काय सांगू? तुझं कापलं म्हणून?

…रेकॉर्डची दुसरी बाजू भरलीया, ठाऊक हाय. …हिकडं वीसच मिनिटं बसतात? म्हंजी भोंग्याआदीचं न्हायतर नंतरचं, दोन्हीतलं एकच?

मग पहिलं कापा. …व्हय, पहिली सोळा मिनिटं. …समदा बँड हाय त्यात, मलाच सांगताय? …ट्रम्पेट? माझा त्यो. …लई ब्येस? वाजला असंल. रेकॉर्डवर ट्रम्पेट तेवढाच हाय माझा, घरी समद्यांना सांगून बसलोय.

…न्हाय, इचार झाला. …त्या अकरा जणांचं मी बघतो. शिव्या देतील, खाईन.

भोंग्यापासनं सुरू करा, साहेब. …अहो, कापा म्हणतोय न्हवं मी. ठिवतो.